स्वस्त लॅपटॉप घ्यावा का? एक ‘ॲप्रिसिएशन’



मागच्या महिन्यात शनिवारी पालकभेट होती. एक निवृत्त सुभेदार संगणक कक्षात आले. मुलगा अकरावीत, तोही बरोबर होता. सुभेदारसाहेबांनी खिशातून चार घड्या घातलेले जाहिरातीचे पान काढले आणि टेबलावर पसरले.

“सर, नवाकोरा लॅपटॉप अठरा हजारांत मिळतोय. रात्रीची गाडी निजामुद्दीनहून आहे. उद्या रविवार, नेहरू प्लेस बंद. आजच जाऊन घेऊन टाकू का?”

मी विचारले, “साहेब, मुलगा त्यावर काय काम करणार?”

सुभेदारसाहेबांनी मुलाकडे पाहिले. मुलाने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “सर, अभ्यास.”

अभ्यास म्हणजे नेमके काय, हे दोघांनाही सांगता येईना. अठरा हजार रुपये मात्र खिशात तयार होते. त्या दिवशी त्या दोघांना जे समजावले, तेच या वेळच्या मराठी पानावर सविस्तर लिहीत आहे. स्वस्त लॅपटॉप घ्यावा की नाही, याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पण उत्तर काढण्याची पद्धत एकच आहे, आणि ती तुम्हाला पुढे सैन्यात शिकवली जाणारच आहे. तिला ‘ॲप्रिसिएशन’ म्हणतात. आधी उद्दिष्ट ठरवायचे, मग घटक तपासायचे, मग उपलब्ध पर्याय मांडायचे आणि शेवटी निर्णय घ्यायचा. क्रम बदलला की निर्णय फसतो.

क्रम बदलला तर काय होते

याचे उदाहरण आपल्या दिल्लीतच घडलेले आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी नवी दिल्लीत ‘आकाश’ हा टॅब्लेट सादर केला. विद्यार्थ्यांसाठी जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. हेतू चांगलाच होता. खेड्यातल्या मुलाच्या हातात संगणक पोचावा, ही इच्छा कोणाला चुकीची वाटेल?

पण यंत्र पाहा. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, आणि पडदा दाबल्यावरच स्पर्श ओळखणारा. बॅटरी लवकर संपते, पडदा नीट प्रतिसाद देत नाही, यंत्र संथ चालते, अशा तक्रारी आल्या. कारण सरळ होते. किंमत आधी ठरली होती, आणि त्या किमतीत जे बसेल ते यंत्रात बसवले गेले.

पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. त्यात प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट म्हणजे ५१२ एमबी, आणि पडदा हलक्या स्पर्शाला दाद देणारा. सरकारला पडलेली किंमत मात्र जवळजवळ तीच, २,२६३ रुपये. यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, कामाआधी किंमत ठरवू नये. दुसरा, संगणकाच्या बाबतीत थोडे थांबणे हाही एक खरा पर्याय असतो.

आता महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा गावातल्या शाळेत झाला. शंभर डॉलरांचा लॅपटॉप म्हणून तो ओळखला गेला, पण प्रत्यक्षात किंमत त्याहून बरीच जास्त निघाली. तरी त्याच्या रचनेत एक गोष्ट शिकण्यासारखी होती. तो कुठे आणि कोण वापरणार, याचा विचार आधी झाला होता. पडदा भर उन्हात वाचता येईल असा, कळफलक धूळ-पाणी आत जाणार नाही असा रबरी, आणि वीज अगदी कमी लागेल अशी योजना. वेग कमी होता, पण वेगाशी केलेली तडजोड समजूनउमजून केलेली होती.

उद्दिष्ट

म्हणून कागदाच्या डोक्यावर पहिली ओळ लिहा : ‘या लॅपटॉपवर मी पुढची इतकी वर्षे ही ही कामे करणार आहे.’ काम क्रियापदात लिहा. ‘अभ्यास’ असे मोघम लिहू नका.

आमच्या अकरावीच्या छात्राने त्या दिवशी लिहिलेली यादी अशी होती : सुट्टीत घरी पायथॉनचे प्रोग्राम लिहिणे, मायएसक्यूएलचा सराव, पीडीएफ वाचणे, प्रकल्पाचे टंकलेखन, गणिताची व्याख्याने पाहणे, परीक्षांचे अर्ज भरणे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्राला पायथॉन आणि मायएसक्यूएल लागते, हे खरे आहे. पण शालेय पातळीवर या दोन्ही गोष्टी हलक्या यंत्रावरही चालतात. एनडीएची लेखी परीक्षा तर आजही कागदावर, ओएमआर पत्रिकेवर होते. तिच्यासाठी लॅपटॉप असलाच पाहिजे असे मुळीच नाही.

ज्याला चित्रफिती संपादित करायच्या आहेत, अभियांत्रिकीची रेखाचित्रे काढायची आहेत किंवा मोठे खेळ खेळायचे आहेत, त्याने सर्वांत स्वस्त लॅपटॉपच्या वाटेला जाऊच नये. तिथे पैसे नक्की वाया जातील.

घटक

यादी झाल्यावर यंत्राकडे वळा. येथे एक नियम लक्षात ठेवा, बाकी सारे विसरलात तरी चालेल : जे पुढे बदलता येत नाही त्यावर तडजोड करू नका, जे बदलता येते त्यावर केली तरी चालेल.

प्रोसेसर बदलता येत नाही. म्हणून तो आधी पाहा, आणि नुसत्या नावावर जाऊ नका. ‘आय-३’ लिहिलेले सगळे सारखे नसतात. ‘आय-३ १२१५यू’ मध्ये दोन वेगवान आणि चार काटकसरी असे सहा कोअर असतात. ‘आय-३ एन३०५’ मध्ये आठही कोअर काटकसरी जातीचे. एएमडीच्या ‘रायझन ३ ७३२०यू’ मधला सातचा आकडा पाहून ते नवे वाटते, पण तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना ‘झेन २’ ही जुनी आहे. छातीवरची नावाची पट्टी वाचून हुद्दा कळत नाही, त्यासाठी खांद्यावर पाहावे लागते. तसेच येथे पूर्ण क्रमांक वाचावा लागतो. वरच्या यादीतल्या कामांना ‘एन१००’ सारखा चार कोअरचा साधा प्रोसेसर पुरतो. पण दोनच कोअरचा ‘सेलेरॉन एन४०२०’ २०१९ सालचा आहे. आज नव्या लॅपटॉपमध्ये तो दिसला तर घेऊ नका.

रॅम काही लॅपटॉपमध्ये वाढवता येते, काहींमध्ये ती मुख्य बोर्डावरच डाखलेली असते. वर सांगितलेल्या ७३२०यू बरोबर ती डाखलेलीच येते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ४ जीबीतला मोठा भाग विंडोज स्वतःच वापरते. ब्राउझरची पाच-सहा पाने उघडली की यंत्र अडखळू लागते. तेव्हा रॅम वाढवता येत नसेल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका. वाढवता येत असेल आणि हातात पैसे कमी असतील, तर ४ जीबीवर सुरुवात करून पुढे दुसरी पट्टी टाकता येते.

साठवण हा स्वस्त लॅपटॉपमधला सर्वांत फसवा भाग आहे. जाहिरातीत ‘६४ जीबी’ लिहिलेले असते. ती बहुतेक वेळा ईएमएमसी असते, म्हणजे मोबाइलमध्ये असते तशी बोर्डावर पक्की बसवलेली स्मृती. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबीची आहे. मग तुमच्या फायलींना जागा उरणार किती? त्यापेक्षा २५६ जीबीचा एसएसडी हवा. तो वेगवान असतो, आणि पुढे काढून मोठाही टाकता येतो. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्डडिस्क असेल तर घाबरू नका. तिच्या जागी एसएसडी बसवला की तेच यंत्र तरुण झाल्यासारखे चालते.

पडदा, कळफलक आणि बिजागरी यांकडे कोणी पाहत नाही, पण रोजचा संबंध यांच्याशीच येतो. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग टिकवतो. टीएन पडदा जरा कलला की फिका पडतो. दुकानात मजकुराचे एक पान उघडा आणि दहा मिनिटे वाचा. डोळ्यांना त्रास झाला तर तो लॅपटॉप तुमचा नाही.

बॅटरीचे गणित सोपे आहे. क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. ४० वॉट-अवरची बॅटरी आणि यंत्र सरासरी ८ वॉट घेत असेल, तर ४० भागिले ८ म्हणजे ५ तास. ‘दिवसभर चालते’ या शब्दांवर जाऊ नका, भागाकार करा.

पर्याय

पहिला पर्याय, अगदी स्वस्त नवा लॅपटॉप. याची एक चांगली बाजू म्हणजे वॉरंटी, आणि वजनही बहुधा कमी. उदाहरणार्थ, रिलायन्सने २०२३ साली आणलेला जिओबुक १६,४९९ रुपयांचा होता. वजन एक किलोहून कमी, आत ४जी सिमची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण. त्यावर विंडोज नव्हे, तर अँड्रॉइडवर आधारलेली जिओची स्वतःची प्रणाली होती. ज्याला व्याख्याने पाहायची, वाचायचे आणि टिपणे काढायची आहेत त्याचे काम अशा यंत्रावर भागू शकते. पण तुमच्या यादीत विंडोजवरच चालणारा एखादा प्रोग्राम असेल तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही. म्हणून यंत्र कोणती प्रणाली चालवते, हे किमतीच्याही आधी विचारा.

दुसरा पर्याय, रिफर्बिश्ड लॅपटॉप. म्हणजे कोणीतरी वापरून परत केलेला, दुरुस्त आणि साफ करून पुन्हा विकायला आलेला. गुरुग्राम आणि नोएडाच्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात, आणि थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशा कार्यालयीन जातीची यंत्रे नेहरू प्लेसच्या दुकानांत येतात. यांची बांधणी मजबूत असते, कळफलक चांगला असतो, आणि बहुतेकांत रॅम व एसएसडी बदलता येतात. पण येथे सावध राहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. ‘आय-५ ७२००यू’ मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी; ‘८२५०यू’ मधला ८ म्हणजे आठवी. सहावी-सातवी पिढी स्वस्त दिसते, त्यामागे हेही कारण आहे.

अशा जुन्या यंत्रावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवून त्याला पुढची काही वर्षे उत्तम चालवता येते. पायथॉन, मायएसक्यूएल, लिब्रेऑफिस, मराठी टंकलेखन, सगळे तिथे विनामूल्य मिळते. लिनक्स म्हणजे गरिबाचा नाइलाज, असा समज कोणाचा असेल तर त्याने लक्षात घ्यावे की २०२३ साली आपल्या संरक्षण मंत्रालयाने स्वतःच्या संगणकांसाठी जी ‘माया’ प्रणाली निवडली, ती उबुंटूवरच उभी आहे.

तिसरा पर्याय, थोडे अधिक पैसे जमवून मधल्या दर्जाचा नवा लॅपटॉप घेणे. आणि चौथा, आत्ता न घेणे. शाळेत संगणक कक्ष आहे, वसतिगृहात लॅपटॉप ठेवण्याची परवानगी नाही, वर्षातून काही आठवड्यांच्या सुट्टीपुरताच तो लागणार. मग बारावीनंतर, पुढची वाट ठरल्यावर घेणे हा पळपुटेपणा नव्हे.

भागाकार

पर्यायांची तुलना किमतीने करू नका, एका वर्षाच्या खर्चाने करा. समजा, १८,००० रुपयांचा नवा लॅपटॉप दोन वर्षांत निरुपयोगी झाला, तर वर्षाला ९,००० पडले. समजा, रिफर्बिश्ड लॅपटॉप १९,००० ला घेतला, नव्या बॅटरीला २,००० गेले, आणि तो तीन वर्षे चालला, तर वर्षाला ७,०००. समजा, ३२,००० चा नवा पाच वर्षे चालला, तर वर्षाला ६,४००. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही त्या दिवशीचे खरे भाव घाला. आणि अधिकचे पैसे कर्ज काढून येणार असतील तर व्याजही त्यात मिळवा. कधी कधी तेवढ्यानेच उत्तर उलटते.

हा भागाकार मी स्वतः केला नव्हता, त्याची गोष्ट सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या पुतणीला नाशिकला कॉलेजच्या तासांसाठी लॅपटॉप हवा होता. भावाने विचारले, “तू कॉम्प्युटर शिकवतोस, तूच सांग.” मी किंमत पाहिली, रंग पाहिला आणि ‘घे’ म्हणालो. ४ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. पहिले दोन महिने ठीक गेले. मग विंडोजच्या अद्ययावतीकरणाला लागणारी मोकळी जागाच उरेना. ती आज फोटो पुसायची, उद्या टिपणे पुसायची. शेवटी तिने पुढचे वर्ष मोबाइलच्या पडद्यावर काढले आणि लॅपटॉप कपाटात गेला. भाऊ मला कधी काही बोलला नाही. पण ते पैसे त्याने टाळेबंदीत, अर्ध्या पगाराच्या महिन्यांत साठवलेले होते. यंत्राने फसवले असे मी म्हणणार नाही. खोक्यावर सगळे छापलेले होते, मी वाचले नाही.

बाजारात जाताना

नेहरू प्लेसला मेट्रोच्या व्हायोलेट मार्गाने सरळ जाता येते. स्थानकाबाहेर पडताच लोक हाताला धरून दुकानात नेऊ पाहतील. पहिली फेरी फक्त रेकीची ठेवा; तीन दुकानांत एकाच क्रमांकाच्या यंत्राचा भाव विचारा आणि लिहून घ्या. पैसे दुसऱ्या फेरीत काढा.

रिफर्बिश्ड घेत असाल तर दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दिलेली असते. आजची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा भाव कमी करा. प्रत्येक कळ दाबून पाहा, प्रत्येक यूएसबी जोडणीत पेनड्राइव्ह घालून पाहा, कॅमेरा आणि ध्वनी तपासा. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो.

पक्के बिल घ्याच. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. “बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल,” असे कोणी म्हणाले तर वाचलेले पैसे पुढे तुमच्याच अंगावर येतील, कारण बिल नसेल तर तक्रार कशाच्या बळावर करणार? बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. चोरीचे विंडोज फुकट टाकून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. घरी आल्यावर डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवा. ज्यांचे वडील सेवेत आहेत त्यांनी आणखी एक पाळावे : वडिलांच्या युनिटविषयीचे कोणतेही कागद किंवा छायाचित्रे आपल्या लॅपटॉपवर ठेवू नयेत.

निर्णय

त्या शनिवारी सुभेदारसाहेब काही न घेताच गाडीत बसले. जाहिरातीचे पान त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवले आणि त्याच्या मागे मुलाने लिहिलेली यादी मात्र फाडून बरोबर नेली. सुट्टीत मुलगा घरी गेला तेव्हा बापलेकांनी साताऱ्यातच आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅमचा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. कॅमेरा जरा अंधुक आहे आणि वजन जास्त आहे, असे तो सांगतो. या दोन्ही गोष्टी त्याने घेण्यापूर्वी तपासल्या होत्या आणि चालतील असे ठरवले होते. पायथॉनचा सराव मात्र रोज होतो आहे.

स्वाध्याय

१. तुम्ही लॅपटॉपवर करणार असलेली सहा कामे क्रियापदात लिहा. त्यांतली किती कामे शाळेच्या संगणक कक्षात होऊ शकतात?

२. वर्तमानपत्रातली लॅपटॉपची कोणतीही एक जाहिरात घ्या. तिच्यात न दिलेल्या, पण विचारायलाच हव्यात अशा चार गोष्टी लिहा.

३. ४५ वॉट-अवरची बॅटरी, मूळ क्षमतेच्या ६० टक्के उरलेली, आणि यंत्राची सरासरी गरज ९ वॉट. यंत्र किती तास चालेल?

४. घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर बसून तीन पर्यायांचा वर्षाचा खर्च काढा आणि कोणता निवडाल ते पाच ओळींत लिहा. उत्तर ‘आत्ता घ्यायचा नाही’ असे आले तरी पूर्ण गुण मिळतील.